नांदवटची ओणवी वेस

या, असे दमाने चढा. ही चढण दिसते त्याहून उभी आहे. आता समोरची दगडी कमान बघा. तिच्यातून सरळ उभ्याने कुणालाही जाता येत नाही. कमरेत वाकावेच लागते. पहिल्यांदा येणारे पाहुणे हसतात आणि विचारतात, एवढी बुटकी वेस बांधणारा गवंडी स्वतः केवढा होता? त्यांना मी सांगते की गवंडी चांगला धिप्पाड होता आणि वेसही बुटकी नाही. हौद्यासकट हत्ती जाईल एवढी उंच ती बांधलेली आहे. आपण उभे आहोत ती माती तिच्या गळ्यापर्यंत आलेली आहे, आणि वर दिसतो तो नुसता माथा. तिचे पाय खाली कुठवर गेले आहेत ते आता हयात असलेल्या कुणीही पाहिलेले नाही.

मागे काही अभ्यासक आले होते. ते म्हणाले, शेकडो वर्षे गाळ साचत गेला की जुनी बांधकामे अशीच गाडली जातात. असेलही. त्यांना मी चहा पाजला. पण गावात याची हकीकत वेगळी सांगतात, आणि ती सांगायचा मान आमच्या लोणारी आळीचा आहे, कारण ती आमच्याच एका बाईची आहे. मी कुशावर्ता. माझ्या सासूने मला सांगितली तशी तुम्हाला सांगते. मध्येच कुणी फोनवर बोलू लागले तर मी थांबते, हे आधीच सांगून ठेवते.

आज नांदवटला एस.टी. येते ती वळायला जागा बरी म्हणून. त्या काळी मात्र हे नंदिवट होते. प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला, सातवाहनांचा राजा बसे आणि त्याच्या राज्याचे जे प्रांत होते, त्यांतल्या एका प्रांताचे मुख्य ठाणे इथे होते असे सांगतात. राजाच्या वतीने इथे एक अमात्य असे. न्याय त्याचा, फौज त्याची, शब्द त्याचा. गावाभोवती मातीचा जाड कोट होता आणि वरच्या अंगाला, ती झाडांची रांग दिसते ना, तिथले मोठे तळे तेव्हाही होते. समुद्रावरच्या बंदरातून निघालेले बैलांचे तांडे घाट चढून इथे उतरत आणि त्यांच्याबरोबर यवन, म्हणजे रोमकडचे, व्यापारी येत. आमच्या शेतात अजून नांगराला दोन कानांच्या सुरयांची खापरे लागतात. त्या सुरयांतून यवन मद्य आणत म्हणे. गावाने ते चाखले होते की नाही, ते कुणी सांगत नाही.

त्या यवनांत लुका नावाचा एक गवंडी होता. समुद्रापलीकडे रोमच्या सम्राटाचे असेच एक प्रांताचे ठाणे होते, त्या नगरातला हा. तिथे नवा सुभेदार आला की त्याच्या नावाची विजयकमान उभी राहायची आणि तो तिच्याखालून रथात बसून आत शिरायचा. लुकाच्या घराण्याचे कामच ते. हाताला एवढे काम असताना तो इकडे का आला याच्या दोनचार कहाण्या आहेत, मला त्यांतली एकही पटत नाही. आला, राहिला, मोडकीतोडकी का होईना आपली भाषा बोलू लागला, एवढे खरे.

अमात्याचे नाव सर्वदत्त. माणूस वाईट नव्हता असेच सगळे सांगतात. पण शकांशी लढाई झाली, ती त्याने जिंकली आणि ती जीत त्याच्या डोक्यात गेली. फौज घेऊन परत आला तो थेट गावात आला नाही. पलीकडच्या माळावर त्याने तळ दिला आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली, की यवनांच्या देशात विजयी वीराला मिळतो तसा मान मला मिळाला पाहिजे. नव्या कमानीखालून हत्तीवर बसून मी नंदिवटात जाईन. तोवर गावात पाऊल ठेवणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्या वेशीने तर जन्मात आत येणार नाही. माणसाला जिंकल्यावर असले काहीतरी सुचतेच.

लुकाला बोलावणे गेले. जागा ठरली ती तळ्याच्या बाजूची, कारण माळावरून येणारी वाट तिथूनच आत शिरत होती. पण दगड कुठून आणायचा? खाणीतून काढून, घडवून, ओढून आणायचा तर पावसाळा संपून गेला असता. तेवढा दम अमात्याला नव्हता. तळ्याच्या बांधाला पाण्याच्या अंगाने घडीव दगडांचे अस्तर होते. कुणीतरी ते दाखवले आणि अमात्याने हुकूम दिला की तेच काढा.

आता आमची सामा येते. सामा लोणारीण, चुन्याची भट्टी चालवणारी. नवरा वारला तेव्हापासून भट्टी तिचीच होती. बांधाच्या दगडांच्या सांध्यांत बसलेला चुना तिच्या सासऱ्याने भाजलेला होता, आणि कमानीसाठी लागणारा चुनाही तिच्याकडेच मागितला होता. तिने चुना द्यायचे कबूल केले, पण दगड हलू लागले तशी ती माळावर गेली आणि अमात्याच्या पुढे उभी राहिली.

"महाराज, ते दगड शोभंसाठी न्हाईत बसवलेले," ती म्हणाली. "ते काढले तर बांध म्हंजे नुसती माती. भरल्या तळ्याला माती किती दिस धरंल?"

"पाऊस अजून लांब आहे," अमात्य म्हणाला. "मिरवणूक झाली की खाणीतला नवा दगड लावून बांध होता तसा करून देईन. हा माझा शब्द आहे."

"आन् पाऊस तुमच्या शब्दाच्या आधी आला तर?"

यावर अमात्य हसला. त्याने तिला एक भारी वस्त्र दिले आणि वाटेला लावले. ते वस्त्र तिने भट्टीवर चुना चाळायला वापरले असे आमच्या घरात सांगतात. गावात कुणी हे कबूल करत नाही, पण मला ते अगदी खरे वाटते.

लुकाला काही कळत नव्हते असे नाही. पाण्याजवळचा दगड काढला की काय होते ते गवंड्याला सांगावे लागत नाही. पण आयता घडीव दगड समोर आला आणि आपल्या हातून काहीतरी मोठे होणार आहे असे दिसले, की गवंड्याची जीभ आत जाते आणि हात बाहेर येतो. तो गप्प राहिला. आधी त्याने ढोला उभा केला, म्हणजे कमान तोलून धरणारा लाकडी सांगाडा, आणि त्याच्यावर दोन्ही अंगांनी दगड चढवत नेले. शेवटी मधोमध कळीचा दगड बसवला. पायथ्याशी सर्वदत्ताचे नाव आणि त्याच्या पराक्रमाच्या ओळी कोरल्या. मग एका सकाळी ढोला खाली काढला, आणि दगड नुसते एकमेकांना रेटून आकाशात उभे राहिले. असले काही गावाने आधी पाहिलेले नव्हते. सामाही बघत राहिली म्हणे. काम वाईट असते तर तिला रागवायला सोपे गेले असते.

जोशांनी मुहूर्त काढला. त्या दिवशी गावात टिपूसही नव्हता, ऊन पडले होते. पण वर डोंगरात दोन दिवसांपासून कोसळत होता आणि ते इकडे कुणाच्या लक्षात आले नव्हते. माळावर हत्ती सजत होता. गावात वेशीशी ढोलवाले जमले होते. तेवढ्यात तळे राखणारे कोळी पळत आले आणि म्हणाले, तळे तुडुंब झालेय आणि दगड काढले तिथून बांधाची माती ढासळायलीय. सांजेपर्यंतही धरणार नाही.

सगळ्यांना एकच गोष्ट कळली. कोट जाड होता आणि बाकीच्या वेशी उंचावर होत्या. पाण्याला आत यायला एकच तोंड होते, आणि ते ही नवी, हत्ती जाईल एवढी उंच, दारे नसलेली कमान. बांध फुटला की तळे या वाटेने सरळ गावात घुसणार होते, आणि पहिली लागणार होती ती लोणारी आळी. सामाची लेक तेव्हा बाळंतीण होती आणि तिची खाट भट्टीमागच्या खोपटात होती. पळून जायचे तर कुठे आणि किती जणांनी?

सामा म्हणाली, "वेस बुजवा."

लोक तिच्याकडे बघायचे सोडून लुकाकडे बघू लागले. कमान त्याची होती. शिवाय माळावरून हत्ती निघाला होता, आणि अमात्याची वेस बुजवणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होते. लुकाने एकदा वर कळीच्या दगडाकडे पाहिले. मग त्याने एका बाईच्या हातातली पाटी घेतली, मातीने भरली आणि कमानीच्या उंबऱ्यात ओतली.

"माझ्या गावात असल्या कमानी रांगेनं हायेत," तो म्हणाला. "खालून कोण कोण गेलं ते मला बी ठावं न्हाई. भरा."

त्यानंतर जे झाले ते सांगताना माझी सासू नेहमी उठून उभी राहायची. अख्खे नंदिवट मातीला लागले. बायकांनी आपापली सारवलेली अंगणे खणली. कुंभारांनी भट्ट्या फोडून विटा आणल्या. जोशीही पागोटे काढून पाटी उचलू लागले, मुहूर्त त्यांचाच असूनसुद्धा. यवन व्यापाऱ्यांनी मद्याच्या सुरया रिकाम्या केल्या, मातीने भरल्या आणि एकीवर एक रचल्या. त्या कुठे रिकाम्या केल्या ते विचारू नका. लुका ओरडत होता की नुसती माती पाण्यात विरघळेल, बाहेरच्या अंगाला सुरखी पाहिजे. सुरखी म्हणजे विटांचा चुरा. तो चुन्यात कालवला की पाण्यातही धरतो. कमानीवर नक्षीचा गिलावा करायचा म्हणून सामाने भिजवून मुरवलेला चुना खड्ड्यात तयार होता. तिने तो सगळा उपसून दिला. बाहेरच्या अंगाला सुरखी, आत माती, असा भराव चढत गेला आणि वर माणसाच्या कंबरेएवढी फट राहिली.

तेवढ्यात हत्ती वेशीपुढे येऊन उभा राहिला.

सर्वदत्ताने पाहिले की ज्या कमानीसाठी आपण इतके दिवस माळावर काढले, ती गावाने चिखलाने भरून टाकली आहे. त्याला वाटले हे बंड आहे. दुसरे काय वाटणार? त्याने हात वर केला आणि धनुर्धाऱ्यांनी बाण लावले. वरच्या फटीत सामा बसलेली होती, कोपरापर्यंत चुन्याने पांढरी.

"ही माती कुणी टाकली?" अमात्याने विचारले.

"म्या सांगितलं, गावानं टाकली," सामा म्हणाली. "बांध सुटायलाय, महाराज. हत्तीला माळावर धाडा आन् तुमी उतरा."

"वेस मोकळी कर."

"न्हाई करणार."

"तुला ठार मारले तर?"

"तर आजून एक पाटी कमी पडंल. दुसरं काय?"

धनुर्धारी अमात्याच्या हाताकडे बघत होते, अमात्य सामाकडे बघत होता. आणि मग हत्ती वाकला. माहुताने सांगितले नव्हते, अंकुश लावला नव्हता. तळ्याच्या दिशेने कान उभारून त्याने एकदा ऐकले आणि पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकले. असे सांगतात की हत्तीला जमिनीतून पाण्याची चाहूल आधी लागते. काही म्हणतात, त्याला सामाची दया आली. मला विचाराल तर त्या मिरवणुकीत शहाणा तोच एक होता.

हत्ती गुडघ्यावर बसलेला, हौदा पुढे कललेला; त्यात ऐटीत बसून राहणे कुणालाच जमण्यासारखे नव्हते. अमात्य खाली उतरला. आता त्यालाही तो आवाज ऐकू आला, जाते फिरल्यासारखा, दुरून येणारा. लोक त्याला म्हणाले, हत्तीबरोबर माळावर चला. माळ उंच होता, तिथे जीव वाचला असता. पण वेशीआड त्याचे गाव होते, आणि बांधाचे दगड काढायचा हुकूम त्याचा होता. दुसऱ्या वेशीकडे वळसा घालायला वेळ नव्हता, शिवाय दुसऱ्या वेशीने जन्मात येणार नाही अशी शपथ त्याने स्वतःच घेतली होती. त्याने बाण खाली ठेवायला लावले, हत्तीला माळावर धाडले आणि भरावावर चढू लागला. सुरखी ओली होती, पाय घसरत होते. वर पोचला तेव्हा त्याने फट पाहिली. त्यातून उभ्याने जाता येत नव्हते.

सामाने आतून हात पुढे केला. नंदिवटाचा अमात्य, शकांना हरवून आलेला, गुडघे टेकून आणि मान खाली घालून तिचा हात धरून आत आला. आत सगळे गाव उभे होते. कुणी हसले नाही. सामाने शेजारच्या बाईकडून भरलेली पाटी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"आलाच हाव तर ही घ्या," ती म्हणाली. "वरल्या अंगाला कमी पडायलीय."

त्याने ती पाटी घेतली, वर नेली, ओतली आणि दुसरी मागितली. त्याच्या मागून सैनिक एकेक करून ओणवे होत आत आले आणि ढालींत माती भरून टाकू लागले. उरलेले माळावर पळाले. त्या माळाला हत्तीमाळ म्हणतात. आता तिथे दूध डेअरी आहे.

बांध फुटला. पाणी आले ते झाडे, दगड, मांडव, सगळे घेऊन आले. भरावावर आदळले तेव्हा कोट हादरला आणि बायकांनी पाट्या टाकून पाठीने भरावाला रेटा दिला. अमात्यही रेटून उभा होता. पाणी चढत चढत फटीच्या खाली वीतभर आले. फटीतून त्याचा फेस आत उडत होता. सुरखीने धरले. पाण्याने बराच वेळ वेशीशी डोके आपटले आणि मग कोटाच्या कडेने वळून ते ओढ्याला लागले. शेते गेली, माळाखालचे सगळे मांडव गेले. पण गावातले एक माणूस गेले नाही, एक खोपटही पडले नाही. खोपटात सामाची नात रडत होती आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, म्हणून तिचे नाव पुढे सगळ्या गावाने मिळून ठेवले.

तेव्हा ढोलवाल्यांना आठवले की आपण वाजवायला आलो आहोत. कुणी सांगितले नव्हते, पण ढोल सुरू झाले. चिखलाने माखलेले लोक नाचले, यवनही नाचले, आणि लुका आपल्या गाडलेल्या कमानीच्या माथ्यावर बसून रडत होता की हसत होता ते त्याच्या दाढीमुळे कळत नव्हते असे सांगतात. माझ्या मते दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सगळे वाट बघत होते की अमात्य भराव उकरायला सांगणार. त्याचे नाव आणि पराक्रमाच्या ओळी खाली मातीत होत्या. त्याने उकरू दिले नाही. खाणीतून दगड काढून बांध बांधायला घेतला आणि तो पुरा होईपर्यंत रोज तिथे जाऊन उभा राहिला. मग त्याने सामाला बोलावून विचारले, काय देऊ? वस्त्र देऊ नका, एवढे तिने आधी सांगितले. मग म्हणाली, "तुमच्यामागून जो कुणी हितं राज्य कराया येईल, त्यानं पयल्यांदा असंच यावं. पायी, ओणवं होऊन, मातीची पाटी घेऊन. बांध कशानं धरतो ते त्याला कळाया पायजे." अमात्याने गावासमोर ते मान्य केले, आणि आतून हात द्यायचा मान सामाच्या घराला दिला.

राज्ये बदलली. सातवाहन गेले, त्यांच्यामागून दुसरे आले, त्यांनाही कुणी घालवले. प्रांताचे ठाणे नंदिवटातून हलले, व्यापारी थांबले, गावाचे नाव झिजून नांदवट झाले. रीत तेवढी राहिली. पुढे देवगिरीच्या राजांच्या काळी एक अधिकारी आला, तो पाटी चांदीची घेऊन आला म्हणे. आमच्या घरच्या तेव्हाच्या बाईने ती बाजूला ठेवली आणि त्याला बुरुडाची पाटी दिली.

मग एका सुलतानाचा सुभेदार आला. तो म्हणाला, मी घोड्यावरून येणार, ही माती उकरा. मजूर लावून त्याने उकरायला सुरुवात केली. गावाने भांडण केले नाही. सकाळी शेतावर जाताना प्रत्येक जण एक पाटी माती टाकून जाई. मजूर काढत, गाव टाकी. काढणारे मोजके होते आणि टाकणारे सगळे. शेवटी सुभेदार कंटाळला. घोडा बाहेर बांधून, पाटी घेऊन, ओणवा होऊन आत आला, आणि वर आल्यावर त्याने आमच्या बाईला विचारले की तुम्ही दमत कशा नाही. पुढे तो इथे पुष्कळ वर्षे राहिला आणि तळ्याचा बांध त्याने दोन हात उंच केला. त्याची आठवण गाव चांगलीच काढते.

एका मराठा सरदाराचे पागोटे कमानीला लागून खाली पडले, ते त्याने स्वतः वाकून उचलले. एक गोरा साहेब आला, त्याने कमान दोरीने मोजली, चित्र काढले आणि मागच्या वेशीने गुपचूप आत गेला. त्याला कुणी काही बोलले नाही. फक्त कुणी रामराम केला नाही. लोक वर्षभर कचेरीत यायचे, सांगेल ते काम करायचे आणि तोंड न उघडता परत जायचे. वर्षाने तो एकटाच बाहेर पडला, बांधावरची माती टोपीत भरून घेतली आणि या वेशीतून आत आला. आत आमच्या घरची बाई तयारच होती. ती रोज तयार असायची.

आता शेवटचे सांगते, ते ‘म्हणे’तले नाही, माझ्या डोळ्यांदेखतचे आहे. या सगळ्या काळात राज्य करायला जो आला तो बाहेरूनच आला. कुणी प्रतिष्ठानहून, कुणी देवगिरीहून, कुणी समुद्रापलीकडून, कुणी मुंबईहून. मग मागच्या साली नवीन प्रांताधिकारी नेमल्याची बातमी आली, आणि ती माझ्या धाकट्या दिराची लेक होती. प्रणिता. भट्टी आता नाही, दीर विटा वाहून नेणारा ट्रॅक्टर चालवतो. शाळा वेशीबाहेर आहे, म्हणून ही पोर लहानपणी रोज या कमानीतून ओणवी होऊन शाळेत जायची आणि यायची.

गावात मोठी चर्चा झाली. काही म्हणाले, ती आपलीच आहे, आपल्या पोरीला कशाला वाकवायचे, तिला हार घालून मागच्या रस्त्याने मोटारीतून आणू. काहींना वेगळीच काळजी होती. ती लोणाऱ्याची, हात देणारीही लोणाऱ्याची. मग मान घरातल्या घरातच राहिला की. मी ऐकत होते. हात द्यायचा तो मला होता, पण मला कुणी विचारले नाही. प्रणितानेच फोन केला.

"मोठे आई, मी कुठून येऊ?"

"घरी यायलीस का साहेब म्हणून यायलीस?"

"साहेब म्हणून."

"मग वेशीतून ये. घरी यायला मागचा रस्ता हायेच की."

सरकारी गाडी तिने तिथे खाली उभी करायला लावली. पायी तळ्याकडे गेली, बांधावरची माती तिने स्वतः पाटीत भरली, डोक्यावर घेतली आणि ही चढण चढली. मागे तहसीलदार, शिपाई, पोलीस. आत सगळे गाव. सवयीने ती कुठे वाकायचे तिथे बरोबर वाकली, दगडाला केसही लागला नाही. मी हात पुढे केला. आजवर मी धरलेले साहेबांचे हात मऊ होते आणि ते हात सोडायची घाई करायचे. हिच्या हाताला ओल्या मातीचा चिकटा होता आणि तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. मला रडू आले. लपवायचे काय त्यात? सामाचे घर आजवर कमानीच्या आतल्या अंगाला उभे राहत आले होते, त्या दिवशी ते दोन्ही अंगांना उभे होते. पाटी ओतली तेव्हा ढोल असे वाजले की हत्तीमाळावरच्या म्हशी उधळल्या.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा कुठे गेली असेल? बांध बघायला. पावसाळ्याआधी त्याची डागडुजी झाली आणि या वर्षी तळे काठोकाठ भरूनही एक थेंब पाझरला नाही.

आजही वेस ओणवीच आहे. आजही नवा अंमलदार आला की त्याची गाडी खाली थांबते आणि आतून आमच्या घरचा हात पुढे होतो. आणि बाहेरून तो हात धरणारी आपल्याच आळीतली असू शकते, हे आता नांदवटातल्या प्रत्येक पोरीला माहीत आहे.